सोबतचं माणूस गेल्यावर: कॅन्सरच्या आधारगटात आठवण कशी जपावी

कॅन्सर रुग्णांचा ऑनलाइन आधारगट चालवणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप कधी ना कधी येतोच. अनोळखी नंबरवरून दोन ओळी येतात: "आई आज दुपारी गेली. तिच्या फोनमध्ये तुमचा ग्रुप होता, म्हणून कळवतोय." पुढे काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं.

मी स्वतः उपचारांतून गेलेली आहे आणि त्यानंतर बरीच वर्षं अशा एका ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. सुरुवातीला आम्ही बातमी जशी आली तशी पुढे टाकायचो. खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. अशाच एका रात्री त्या रांगेच्या मधोमध एका नव्या मुलाचा प्रश्न आला होता. केमो होऊन नऊ दिवस झालेत, ताप १०१ आहे, सकाळपर्यंत थांबू का? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला की वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ होतं. पण प्रश्न कुणाला दिसलाच नाही. पहाटे चारला एका काकूंना तो सापडला. त्यांनी फोन करून त्याच्या घरच्यांना उठवलं. मुलगा वाचला, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

गेलेल्याचा मान राखायचा आणि त्याच आजाराला तोंड देणाऱ्यांना सांभाळायचं, हे दोन्ही एकाच निरोपात करावं लागतं. ऐन वेळी ते सुचत नाही. म्हणून हे काम माणूस आपल्यात असतानाच सुरू करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: असतानाच विचारून ठेवा

आम्ही प्रत्येक सभासदाकडून एक पान भरून घेतो. त्यावर एवढेच प्रश्न असतात:

- ग्रुपमध्ये तुम्हाला कोणत्या नावाने ओळखावं?
- बरेच दिवस दिसला नाहीत तर कुणाला फोन करावा? त्या व्यक्तीला तुमचा आजार माहीत आहे का?
- तुमचं निधन झालं तर ग्रुपला सांगावं का, आणि किती सांगावं?
- तुमचा फोटो किंवा आवाजातला निरोप पुन्हा वापरला तर चालेल का?
- तुम्ही लिहिलेलं तसंच ठेवावं की काढून टाकावं?

हे पान फक्त जास्त आजारी असलेल्यांकडून भरून घेऊ नका. ज्याच्या हातात ते पडेल त्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. ग्रुपमध्ये येतानाच सगळ्यांना द्या: बरे झालेल्यांना, सोबत येणाऱ्या नातेवाइकांना आणि अ‍ॅडमिननाही. कुणी रिकामं ठेवलं तर आग्रह करू नका. काही जण दोन-तीन वर्षांनी आपणहून भरून पाठवतात.

यातला सर्वात मोलाचा प्रश्न आहे "त्या व्यक्तीला आजार माहीत आहे का". हा प्रश्न माझ्या एका चुकीनंतर आला. एक ताई महिनाभर गप्प होत्या, म्हणून त्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर मी फोन केला आणि सरळ ग्रुपचं नाव सांगितलं. फोन जावेने उचलला होता आणि घरात कॅन्सर हा शब्द कुणीच उच्चारलेला नव्हता. ताई बऱ्या होत्या, नुसत्या दमल्या होत्या. पण त्यांनी इतके दिवस जपलेली गोष्ट माझ्यामुळे उघडी पडली. त्यानंतर परक्या आवाजाशी बोलताना मी फक्त "त्यांची मैत्रीण बोलतेय" एवढंच म्हणते.

भरलेली पानं ग्रुपमध्ये ठेवू नका. दोन अ‍ॅडमिनकडे ठेवा, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसऱ्याला ती मिळतात.

दुसरी पायरी: खात्री आणि परवानगी

वाईट बातमी कुणाच्या तरी कुणाकडून येते. आमच्याकडे एकाच नावाच्या दोघी होत्या. गेल्या त्या एक, आणि श्रद्धांजली सुरू झाली दुसरीच्या नावाने. ती त्या वेळी अतिदक्षता विभागातून नुकतीच बाहेर आली होती आणि हे सगळं आपल्या फोनवर वाचत होती. तेव्हापासून आमचा नियम आहे की घरच्या माणसाशी फोनवर प्रत्यक्ष बोलणं होईपर्यंत काहीही टाकायचं नाही. कुणी आधीच टाकलं असेल तर ते काढायचं आणि त्या व्यक्तीला वेगळा निरोप पाठवून कारण सांगायचं. चारचौघांत टोकायचं नाही.

घरच्यांशी बोलताना फोन आपण करत असलो तरी ऐकायचं काम आपलं. "शेवटी काय झालं" हे विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात. मी साधारण असं बोलते: "मी त्यांच्या आधारगटातली. त्यांनी आम्हाला फार मदत केली. आमच्या लोकांना कळवलं तर चालेल का? नाव कसं लिहू? फोटो लावू का?" या तीन प्रश्नांपलीकडे पहिल्या दिवशी काही विचारायची गरज नसते.

कधी पानावर "सांगा" असं लिहिलेलं असतं आणि घरचे "नको" म्हणतात. अशा वेळी मी ग्रुपमधलं टोपणनाव तेवढं सांगते. खरं नाव, आडनाव, गाव, नातेवाइकांची नावं यातलं काहीच बाहेर येऊ देत नाही. ग्रुपमधलं नातं त्या व्यक्तीने स्वतः जोडलेलं होतं आणि तिची इच्छा आपल्याकडे लिहून आहे. घरच्यांची ओळख मात्र त्यांची आहे. यावर वेगळं मत असू शकतं. तुमच्या गटात काय करायचं ते आधी ठरवून लिहून ठेवा.

तिसरी पायरी: सांगणं

"बातमीच सांगू नये, लोक खचतील," असं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी सुचवतं. ही भीती जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड स्पीगल आणि अर्विन यालम या मानसोपचारतज्ज्ञांनी शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या स्त्रियांचे गट सुरू केले. तिथे मृत्यूबद्दल उघड बोललं जाई. त्या स्त्रिया कोलमडतील असं अनेकांना वाटलं होतं, पण उलट त्यांचा मानसिक त्रास कमी झाला. पुढे स्पीगल यांनी १९८९ मध्ये गटातल्या स्त्रिया जास्त जगल्याचंही मांडलं. कॅनडात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलं नाही. मन सावरलं आणि वेदना कमी जाणवल्या, हे तिथेही दिसलं. तेव्हा आधारगटाने आयुष्य वाढतं असं कुणालाही सांगू नका. खरं बोलल्याने माणसं मोडतात असंही समजू नका. लपवलेली बातमी फुटते तेव्हा लोक आणखी घाबरतात, कारण मग प्रत्येक गप्प माणसाबद्दल शंका येऊ लागते.

आधी फोन करायचे. रोज सकाळी त्यांच्याशी बोलणारी मैत्रीण, त्यांच्याबरोबरच केमो सुरू झालेला दादा, त्यांनी पहिल्या दिवशी धीर दिलेली नवी मुलगी, अशी चार-पाच नावं असतात. यांना बातमी ग्रुपमधून कळू नये. त्यांच्यापैकी कुणाचा दुसऱ्या दिवशी स्कॅन किंवा ऑपरेशन असेल तर ते होईपर्यंत थांबता येईल का, हे बघा. मग ग्रुपमध्ये लिहायचं, शक्यतो दुपारी. रात्री अकराला लिहिलेली बातमी लोक अंधारात एकट्याने वाचतात.

निरोप छोटा आणि स्पष्ट असावा. "एक दुःखद घटना घडली आहे" असं लिहून थांबलात तर पुढच्या पाच मिनिटांत शंभर जणांच्या मनात शंभर नावं येतील. नाव पहिल्या ओळीत लिहा. आमचा एक निरोप असा होता:

"आपल्या सुमनताई (हे त्यांचं ग्रुपमधलं नाव) काल गेल्या. घरच्यांनी कळवायला परवानगी दिली आहे. केस गेल्यावर टोपी कशी शिवायची हे त्यांनी आपल्यातल्या कितीतरी जणींना शिकवलं. आठवणी लिहायला वेगळी जागा केली आहे, तिथे केव्हाही लिहा. आज कुणाला बोलावंसं वाटलं तर आम्ही दोघी रात्री दहापर्यंत फोनवर आहोत. उपचारांचे प्रश्न इथे नेहमीसारखेच विचारा."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. शोकाचे संदेश वेगळ्या जागी गेले तरच तापाचा प्रश्न दिसतो.

आता शब्दांविषयी. मराठीत एक ठरलेलं वाक्य आहे: "कॅन्सरशी त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली." हे आमच्याकडे चालत नाही. अपयश कुणाचं? त्यांनी सगळी औषधं वेळेवर घेतली, सगळ्या सुया टोचून घेतल्या. पेशींवर औषध चाललं नाही, त्यात त्यांची कसूर कुठे आली? आणि जो आज तिसऱ्या प्रकारचं औषध सुरू करतोय, त्याने हे वाक्य वाचून काय समजायचं? त्याच कारणाने "खूप सकारात्मक होत्या, तरीही…" असंही नको. आजाराच्या पायऱ्या, शेवटच्या दिवसांतलं दुखणं, दवाखान्याचं नाव, खर्च यातलं काहीच निरोपात घालू नका. माणूस कसं होतं ते एका ठळक गोष्टीतून सांगा. टोपी शिवणारी बाई सगळ्यांना आठवते, "प्रेमळ आणि मनमिळाऊ" कुणालाच आठवत नाही.

यानंतर वेगळे निरोप येऊ लागतात: त्यांना कोणतं औषध चालू होतं? माझ्यासारखंच ना? हे विचारणाऱ्याला दोष देऊ नका, ती भीती अगदी खरी आहे. फोन करा आणि सांगा की स्तनाचा कॅन्सर हे एक नाव असलं तरी हार्मोनला प्रतिसाद देणारा, हर-टू नावाचं प्रथिन वाढलेला आणि यांपैकी काहीच न आढळणारा ट्रिपल निगेटिव्ह हे वेगवेगळे आजार असल्यासारखे वागतात आणि त्यांची औषधंही वेगळी असतात. पण गेलेल्या व्यक्तीचे रिपोर्ट कुणालाही देऊ नका. "तुझा प्रश्न डॉक्टरांसाठी लिहून काढू या" असं म्हणा आणि खरंच बसून लिहून काढा.

कुणी स्वतःचं आयुष्य संपवलं असेल तर कसं आणि कुठे, हे अजिबात लिहायचं नाही. त्या दिवशी ज्यांचं मन आधीच नाजूक आहे त्यांना एकेक करून फोन करायचा आणि तातडीच्या मदतीचा नंबर वर लावून ठेवायचा.

चौथी पायरी: आठवणी गोळा करणं

"आठवणी लिहा" म्हटलं की लोकांना सुचत नाही. नेमकं विचारा. त्यांनी सांगितलेली कोणती युक्ती तुम्ही अजून वापरता? त्यांनी तुम्हाला केव्हा हसवलं? त्यांच्याशी शेवटचं बोलणं कशावर झालं? एका काकांबद्दल या प्रश्नाला अकरा जणांनी एकच उत्तर दिलं होतं: स्कॅनला जाताना खिशात चघळायची सुटी गोळी ठेवा, तोंडाला कोरड पडते. त्यांच्या मुलाला हे माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "बाबा आमच्याशी आजाराचं काहीच बोलत नव्हते. तुमच्याशी बोलत होते, हे बरं झालं."

आठवणी गोळा करण्याचं खरं कारण मला त्या दिवशी कळलं. घरच्यांनी आपलं माणूस आजारी पाहिलेलं असतं. दुसऱ्यांना धीर देणारं तेच माणूस त्यांनी बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं.

दोन आठवडे मुदत ठेवा. मग सगळं एकत्र करून नीट वाचा. लिहिणाऱ्याचं खरं नाव, त्याचा आजार, तिसऱ्या कुणाचा उल्लेख असेल तर काढा. ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांचा हात सुजलेला आहे, त्यांचा आवाज घ्या आणि दुसऱ्या कुणाला उतरवायला सांगा. घरच्यांना पाठवण्याआधी विचारा. काहींना लगेच हवं असतं, काहींना सहा महिन्यांनी, काहींना कधीच नको असतं. नको म्हणाले तर जपून ठेवा. एका मुलीने चार वर्षांनी मागितलं होतं.

पाचवी पायरी: नंबर आणि लिहिलेलं

गेलेल्या व्यक्तीचा नंबर ग्रुपमधून लगेच काढू नका. यादीतून नाव गेलेलं पाहून लोकांना दुसऱ्यांदा धक्का बसतो. पण तो कायमचा ठेवताही येत नाही. साधारण १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप ते खातं काढून टाकतं, आणि बंद झालेला नंबर मोबाइल कंपनी पुढे दुसऱ्याला देते. मग तुमच्या ग्रुपमधलं बोलणं अनोळखी माणसापर्यंत जाण्याचा धोका असतो. आम्ही घरच्यांना विचारून साधारण महिन्याने नंबर काढतो आणि आदल्या दिवशी ग्रुपला तसं सांगतो. फोन घरातल्या कुणाच्या हातात असेल तर इतर रुग्णांचं खासगी बोलणं त्यांना दिसतंय, हेही ध्यानात असू द्या.

फेसबुकवर खातं असेल तर घरचे ते स्मृतिखातं करून घेऊ शकतात. मग त्या व्यक्तीच्या वाढदिवसाच्या आठवणी इतरांना येत नाहीत.

त्यांनी लिहून ठेवलेल्या सूचना अनेकांच्या कामाच्या असतात, म्हणून इच्छेप्रमाणे ठेवा. पण औषधांबद्दलच्या लिखाणावर तारीख घाला. उपचार बदलतात. लिहिणारी व्यक्ती नसेल तर चूक दुरुस्त करायला कुणी उरत नाही.

सहावी पायरी: वर्षातला एक दिवस

आम्ही आधी प्रत्येकाचा स्मृतिदिन पाळत होतो. तिसऱ्या वर्षी अशी वेळ आली की आठवड्याला एक स्मृतिदिन येऊ लागला आणि नव्याने आलेला माणूस पहिल्याच महिन्यात चार वेळा मृत्यू वाचू लागला. आता सगळ्यांसाठी मिळून एक दिवस असतो. तो महिनाभर आधी जाहीर करतो, म्हणजे ज्यांना त्या दिवशी तिथे नसायचं आहे त्यांना दूर राहता येतं. का आला नाहीत, हे कुणी कुणाला विचारत नाही.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर एकत्र जमून नावं वाचायची. आधी सगळ्या नावांचे उच्चार तपासा. प्रत्येक नाव वेगळ्या व्यक्तीने वाचावं, शक्यतो ओळखणाऱ्याने. नावासोबत एकच वाक्य, आणि दोन नावांमध्ये एक श्वास घेण्याइतकी शांतता. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण उपचार चालू असलेल्यांना बसवत नाही. शेवटी अर्धा तास नुसत्या गप्पांसाठी ठेवा. कॉल एकदम तुटला की घर फार रिकामं वाटतं.

एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत केलेल्या गोधडीचा मला अशा वेळी आधार वाटतो. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा, आणि गेलेल्याच्या जिवलगांनी स्वतः शिवलेला. त्या आजाराचं नाव घ्यायलाही लोक घाबरत होते आणि ही माणसं तिथे उभी राहून मोठ्याने नावं वाचत होती. आमच्या गटात कुणी कापडाचा तुकडा भरतं, कुणी चित्र काढतं, आणि त्यांचे फोटो जोडून एक पट तयार होतो. येत असेल त्याने करावं, स्पर्धा होऊ देऊ नये.

जे नुसतेच दिसेनासे झाले

यावर फारसं कुणी बोलत नाही. गेल्याचा निरोप येतो अशी माणसं थोडी. कितीतरी जण एक दिवस लिहायचे थांबतात. कुणी बरं होऊन आजाराची आठवणच नको म्हणून निघून जातं, कुणाचा फोन बदलतो आणि कुणी खरोखर गेलेलं असतं. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं.

महिनाभर शांतता असेल तर आम्ही खासगी निरोप पाठवतो: "तुमची आठवण आली. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल." आणखी महिन्याने दुसरा. मग पानावर लिहिलेल्या व्यक्तीला एक फोन. त्यानंतर थांबायचं. सोशल मीडियावर शोधत बसायचं नाही, शेजाऱ्यांकडे चौकशी करायची नाही. गप्प राहण्याचा त्यांना हक्क आहे.

आठवणीच्या दिवशी आम्ही त्यांचं नाव गेलेल्यांत घेत नाही. शेवटी एक वाक्य म्हणतो: "जे आता बोलत नाहीत, ते जिथे असतील तिथे आमची याद त्यांच्यापर्यंत पोचो." दोन वर्षांपूर्वी याच वाक्यानंतर एका ताईंचा निरोप आला. सात वर्षांनी. "मी ऐकत होते. बरी आहे."

अ‍ॅडमिनने स्वतःला सांभाळणं

ज्याला कधी प्रत्यक्ष भेटलो नाही त्याच्यासाठी इतकं रडू का येतं, हे घरच्यांना समजत नाही. शोकाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत मी त्याला "हक्क नाकारलेलं दुःख" म्हणते. शोक करण्याचा तुमचा अधिकारच भोवतालच्यांना दिसत नाही. त्यात आम्ही बरे झालेलो, म्हणून "मीच का राहिले" हेही मनात येतं.

बातमी कळवण्याचं काम एकाच व्यक्तीकडे ठेवू नका. आमच्याकडे तिघी आळीपाळीने करतो. ज्या अ‍ॅडमिनची जवळची मैत्रीण गेली असेल तिने त्या वेळी फक्त सभासद व्हायचं. वर्षातून दोन महिने प्रत्येकीला सुट्टी, आणि त्या काळात नंबर दुसरीकडे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ओढ आणि वेदना तशीच तीव्र राहिली, रोजचं जगणं अडलं, तर समुपदेशकाकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत.

जानेवारीत आम्ही सगळी पानं पुन्हा काढतो. नंबर चालू आहेत का, कळवायची व्यक्ती तीच आहे का, उत्तर बदललं आहे का, हे प्रत्येकाला विचारतो. या वर्षी मी माझ्या पानावर एक ओळ वाढवली: मी गेल्याची बातमी टाकाल, तेव्हा त्या रात्री कुणीतरी जागं राहून ग्रुपमधले प्रश्न बघा.